वेगळ्या जातीची गाठ

आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे एक सर होते. पोरं त्यांना ‘असलो-तर सर’ म्हणायची. स्टाफरूममध्ये आम्हीही तेच म्हणायचो, फक्त ते समोर नसताना. हेडसरांनी जूनमध्ये विचारलं, “डिसेंबरच्या गॅदरिंगचं बघाल ना?” की हे म्हणणार, “असलो तर बघेन.” कुणी लग्नाची पत्रिका दिली की “असलो तर येतो.” बोलण्यात ना रडगाणं, ना नाटक. पाऊस नसला तर छत्री नको म्हणावं, इतक्या सहज म्हणायचे. डिसेंबर यायचा, गॅदरिंग व्हायचं, आणि पडद्यामागे दोऱ्या ओढायला तेच असायचे.

मी भिवंडीत नोकरीला लागलो तेव्हा ते चाळिशीच्या अलीकडेच असावेत, पण पंचावन्नचे दिसायचे. शर्ट अंगावर घातल्यासारखा नाही, टांगल्यासारखा वाटायचा. पहिल्याच दिवशी ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “तुम्ही सायन्स ना? मग तुम्हाला किळस यायची नाही.” आणि स्टाफरूममध्येच शर्ट वर केला. एका बरगडीखालून निघून दुसऱ्या बरगडीखाली पोचलेला, मध्ये जरा वर चढलेला जाडजूड व्रण होता.

“आतलं बरंच सामान काढलंय,” ते म्हणाले. “स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, जठराचा तुकडा, थोडं आतडं. उरलंसुरलं एकमेकांना जोडून दिलंय. प्लंबिंग केल्यासारखं.”

“कशासाठी?” मी विचारलं.

“कॅन्सर. वर्ष-दीड वर्ष काढाल म्हणाले होते.” शर्ट खोचला आणि म्हणाले, “चला, नववी ब वर तास आहे.”

हे झालं त्याला तेव्हाच दोन वर्षं होऊन गेली होती.

माणसांना ते विषयाच्या नावानं हाक मारत. मी सायन्स. चित्रकलेच्या बाई नुसत्या ड्रॉइंग. एक मराठीचे सर रागावायचे, “माझं नाव घ्या हो!” तर हे म्हणाले, “नाव लक्षात ठेवायला वेळ जातो.” पुढं पुढं मला वाटायला लागलं की वेळेचं काही नव्हतं. नाव घेतलं की माणूस जवळ येतो, ते त्यांना नको होतं.

एका वेळी पोटभर जेवता येत नसे, म्हणून दिवसभर थोडंथोडं खायचे. खांद्याला एक पिशवी, पिशवीत डबा, डब्यात तांदळाच्या भाकरीचे तुकडे आणि सुकी भाजी. वर्गात गोदावरी नाशिकवरून पुढं निघाली की हे फळ्याकडे तोंड करायचे, एक कॅप्सूल मोडून त्यातली पूड भाकरीवर भुरभुरायचे आणि तुकडा तोंडात टाकून नदी पुढं न्यायचे. शरीरात पुरेसा पाचकरस उरला नव्हता, तो असा वरून घ्यावा लागे. पोरांची मात्र खात्री होती की ते सोन्याचं भस्म खातात. एकदा एका पोरानं पिशवीतली कॅप्सूल चोरून खाल्ली आणि घाबरून स्वतःच रडत आला. सर त्याला म्हणाले, “काही होत नाही रे. उद्या जरा जास्त जेवशील.” स्टाफरूममध्ये येऊन ही गोष्ट सांगताना ते इतके हसले की पोटावरचा व्रण हातानं दाबून धरावा लागला. त्यांना असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

राहायचे एका लूमच्या कारखान्यामागच्या खोलीत. खोलीची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. दिवसरात्र खटखट, खटखट. भांडी मांडणीवर आपोआप सरकायची. मी एकदा म्हटलं, “सर, शाळेजवळ चांगल्या खोल्या मिळतात की.” म्हणाले, “शांत जागी मला माझं पोट ऐकू येतं.” शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी शाळा सुटली की ते घरी जातच नसत. खाडीच्या बाजूला चालत जायचे, कुठंतरी कठड्यावर बसून राहायचे. कधी कधी मी बरोबर जायचो. बोलणं फारसं व्हायचं नाही. भरती आली की ते सांगायचे, “आली.” एवढंच.

दारात मातीचं एक खोकं होतं, त्यात मेथी लावायचे. वर्षभर मेथीच. मी गमतीनं म्हटलं, “एखादं शेवग्याचं झाड लावा.” तर म्हणाले, “मेथी आठवड्यात दिसते.”

गाव त्यांचं खारबाव. घरची भातशेती आणि पूर्वी मिठागरं. घरात शिकलेले हे पहिलेच. आई-वडील गेलेले, धाकटा भाऊ नाशिकला एका कारखान्यात. दिवाळीत एक दिवस ते नाशिकला जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत. भावाला एक मुलगी आणि धाकटा मुलगा बंटी. जाण्याआधी बाजारपेठेत माझ्याबरोबर खरेदीला यायचे. दोघा मुलांना अगदी सारखं घ्यायचे. मुलीला फ्रॉक घेतला तर तेवढ्याच किमतीचा मुलाला शर्ट. दुकानदार म्हणायचा, “मास्तर, पोरीचा हा जरा भारीतला बघा ना.” तर हे पटकन, “नको, फरक दिसेल.” बायको लग्नानंतर काही वर्षांतच तापानं गेली होती, एवढं ठाऊक होतं. मूलबाळ नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्यांचं ऑपरेशन गावात माहीत झालेलं होतं. त्यामुळं कुणाला पोटाचं असलं काही निघालं की त्या घरची माणसं त्यांना शोधत यायची. ‘हे ऑपरेशन होऊनही जगलेला माणूस’ बघायला यायची. कल्याणहून यायची, वाडा तालुक्यातून यायची. सर त्यांना खोलीत बसवायचे, शर्ट वर करायचे, खायचं-प्यायचं कसं सांभाळायचं ते नीट समजावून सांगायचे. आशा मात्र द्यायचे नाहीत. “मी का राहिलो ते मला ठाऊक नाही,” असं स्पष्ट सांगायचे. त्यावर कुणी “देवाची कृपा” म्हटलं की चिडायचे. “मग बाकीच्यांवर अवकृपा का?” बाकीचे कोण, हे त्यांना चांगलं माहीत होतं. भेटायला आलेल्यांपैकी फारसं कुणी दुसऱ्या दिवाळीपर्यंत पोचत नसे.

त्यातला एक त्यांच्या भिंतीपलीकडचाच. कारखान्यात लूम दुरुस्त करणारा मिस्त्री, उत्तर प्रदेशातला, सरांच्याच वयाचा. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. सरांनी बघितलं मात्र, तोंड उतरलं. स्वतः मुंबईला घेऊन गेले. ज्या हॉस्पिटलात सरांचं झालं तिथंच त्याचंही ऑपरेशन झालं, तेच, तेवढंच मोठं. परत आल्यावर सरांनी त्याचा ताबाच घेतला. शाळेच्या मधल्या सुट्टीत धावत घरी जायचे, त्याला आपल्या हातानं चार घास भरवायचे आणि धावत परत. “थोडा-थोडा खाओ मिस्त्री, मैं भी ऐसे ही खाता हूँ,” असं त्यांचं चाललेलं असायचं. दोघं खाटेवर बसून सारख्याच डब्यातलं सारखंच खायचे. मिस्त्री हसून म्हणायचा, “हम दोनों का पेट जुड़वाँ है, मास्टरजी.” त्या महिन्यांत मला सर जरा भरल्यासारखे वाटले. असलो तर, असलो तर, हे ऐकू यायचं बंद झालं होतं.

वर्ष पुरं व्हायच्या आत मिस्त्री गेला. अंगावरचं मांस बघता बघता उतरलं. सर दुपारी शाळेतून आले तर दारात गर्दी. मीही बरोबर होतो. मिस्त्रीची बायको बाहेर आली. रडून रडून आवाज बसला होता. तिनं सरांकडं बघितलं आणि विचारलं, “मास्टरजी, ऑपरेशन तो एक ही था. आप कैसे बच गये?”

तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. सर उभे राहिले. मग वळले आणि चालायला लागले, आपल्या खोलीकडं नाही, भलतीकडेच. त्यानंतर त्यांनी शोधत येणाऱ्या माणसांना भेटणंच बंद केलं. कुणी आलं की दाराआडून सांगायचे, “ते गेले.” लोक खरं मानून परत जायचे. मिस्त्रीची बायको पुढं पोरांना घेऊन जवळच्या कोन गावी राहायला गेली.

अशी वर्षं गेली. नव्वद साल मागं पडलं, मी लग्न केलं, मला मुलं झाली. सर तसेच राहिले. घरसंसार या गोष्टीशी त्यांचं काहीच नातं नव्हतं. माझ्या बायकोनं जेवायला बोलावलं की यायचे, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. मुलांना उचलून घेत नसत. माझी धाकटी एकदा त्यांच्या मांडीवर चढली, तर हात बाजूला धरून असे बसले की जणू कुणी गरम भांडं आणून ठेवलंय.

मग एकदा शाळेच्या ऑफिसात मुंबईच्या त्या हॉस्पिटलातून फोन आला. डिसेंबरचे दिवस होते. कुणी एक नवी डॉक्टरीणबाई जुन्या पेशंटांचा शोध घेत होती. स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालेले लोक पुढं किती जगले, कसे जगले, हे तिला बघायचं होतं. सरांना भेटायला बोलावलं होतं. सर मला म्हणाले, “चला सायन्स. ती काय म्हणेल ते मला एकट्याला कळायचं नाही.”

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलणं सरळ. तिनं आम्हाला बसवलं आणि म्हणाली, “तेव्हाच्या यादीतले बहुतेक सगळे एक-दोन वर्षांत गेलेत. तुम्ही एकटे चालत येताय. मला पटेना. म्हणून तुमच्या गाठीचे पातळ काप लावून जपून ठेवलेल्या काचा बाहेर काढल्या आणि पुन्हा बघायला लावल्या.”

सरांनी पिशवी मांडीवर घेतली.

“तुमची गाठ त्या जातीची नव्हतीच,” ती म्हणाली. “नेहमीचा कॅन्सर पाचकरस वाहणाऱ्या नळ्यांतून उठतो. तो फार वाईट. ऑपरेशन करूनही बहुतेकांत परत येतो, आणि लवकर येतो. तुमची गाठ इन्सुलिनसारखे रस तयार करणाऱ्या पेशींतली होती. ही जात हळू चालते. ऑपरेशननंतर माणसं पुष्कळ वर्षं जगतात. कधीकधी उशिरानं यकृतात दिसते, पण तिथंही ती सावकाशच वाढते. तेव्हा दोन्हींत गल्लत झाली.”

मला इतका आनंद झाला की मी सरांचा हात धरला. त्यांनी विचारलं, “हे तेव्हा कळलं असतं?”

डॉक्टरीणबाईनं हातातला कागद खाली ठेवला. “कदाचित. तेव्हा या तपासण्या सगळीकडे होत नव्हत्या.”

मग तिनं आणखी प्रश्न विचारले. मुतखडा होतो का? होतो, दोनदा झाला. घरात आणखी कुणाला? वडिलांना व्हायचा. पोटात अल्सर? वडील त्यानंच गेले. ती गंभीर झाली. म्हणाली, “असल्या काही गाठी घराण्यात चालतात. नक्की नाही, पण शंका घ्यायला जागा आहे. भावंडांचं रक्त तपासून घ्या, कॅल्शियम आणि इतर काही. आणि मुलांचं. मुलं आहेत तुम्हाला?”

“नाही,” सर म्हणाले.

बाहेर आलो. हॉस्पिटलच्या आवारात झाडाखाली एक बाक होता, त्यावर बसले. खायची वेळ टळून गेली होती. मी डबा काढून हातात दिला, तो तसाच मांडीवर राहिला.

“सायन्स,” ते म्हणाले, “मी खोटं बोललो आत.”

मग त्यांनी सांगितलं. भावाची म्हणून जी मुलगी नाशिकला होती, ती त्यांची. बायको गेली तेव्हा लेक तान्ही होती. यांनीच तिला वाढवली, पाळण्यापासून. ती अडीच वर्षांची झाली आणि हे आजारी पडले. वर्ष-दीड वर्ष, असं कळल्यावर त्यांनी भावाला बोलावून घेतलं. भावाला तेव्हा मूल नव्हतं. रीतसर दत्तक दिली आणि भावजयीकडून वचन घेतलं की पोरीला कधी सांगायचं नाही. “दोनदा पोरकी कशाला करायची? आई गेलेली तिला आठवत नव्हती. मीही आठवू नये असं मला वाटलं.” नाशिकला निघताना ती रिक्षात भावजयीच्या मांडीवर बसली होती आणि यांना म्हणाली होती, “बाबा, तू पुढं बस.” हे पुढं बसले नाहीत.

“आणि मग मेलोच नाही,” ते म्हणाले. “दर वर्षी वाटायचं, आता होईल. दर वर्षी दिवाळीला जाऊन यायचो. मला मोठे काका म्हणायची.”

थोड्या वेळानं ते उठले. डबा पिशवीत गेला तो न उघडताच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते कोनला गेले. मला वाटलं होतं नाशिक गाठतील, पण नाही. विचारत विचारत मिस्त्रीच्या बायकोचं घर शोधलं. ती दारात बसून कांड्या भरत होती. लूमच्या धोट्यात बसतात त्या सुताच्या कांड्या. केस पिकले होते. सर उभ्यानंच म्हणाले, “भाभी, आपने पूछा था ना. मेरी गाँठ अलग जात की थी. मिस्त्री की अलग. इसमें उनकी कोई गलती नहीं थी. मेरी भी नहीं.”

तिनं हातातली कांडी खाली ठेवली. मग म्हणाली, “इतने साल ये बात लेके घूम रहे थे?” आणि त्यांना आत बोलावून चहा दिला. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. चहा पूर्ण प्यायलो, हेही सांगितलं.

नाशिकचं मात्र अवघड होतं. भावाला सगळं सांगितलं. भाऊ लगेच रक्त तपासून आला, त्याचं चांगलं निघालं. मग मुलीचं. तिला काय सांगायचं? सर, भाऊ आणि भावजय, तिघांनी मिळून ठरवलं की घराण्याचा आजार आहे, म्हणून तुझंही बघू या, एवढंच सांगायचं. ती दहावीत होती, हुशार होती. तपासणीला निमूट गेली. घरी आल्यावर मात्र भावाला विचारलं, “बाबा, तुमचं रक्त चांगलं आलं. ज्याचं चांगलं, त्याच्या मुलांना काळजी नाही, असं डॉक्टर म्हणाले ना? बंटीचं काढलं नाही ते म्हणूनच ना? मग माझं का काढलं?”

भावजय रडायला लागली, आणि पोरीला सगळं कळलं.

तिचंही रक्त चांगलं निघालं. दर काही वर्षांनी पुन्हा बघत राहा, एवढंच सांगितलं होतं. भावानं शाळेत फोन करून ते कळवलं. सरांनी फोन खाली ठेवला, ऑफिसातल्या स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शिपाई घाबरला. मी म्हटलं, “काही नाही, चांगली बातमी आहे.” पण मुलगी त्यांच्याशी बोलायला तयार नाही, असंही भाऊ फोनवर म्हणाला होता.

पुढचं इथंच सांगून टाकतो. सरांच्या यकृतात ती गाठ पुन्हा दिसली, पण फार उशिरा, मी भिवंडी सोडल्यानंतर. डॉक्टरीणबाई म्हणाली होती तशी ती सावकाशच वाढली. तिला घेऊनही ते कित्येक वर्षं हिंडत-फिरत होते. रिटायर झाले, खारबावला घर बांधून राहिले. गेले ते शेवटी छातीत दुखून, दुपारचे झोपलेले असताना. मुलगी तोवर मोठी होऊन, लग्न होऊन पुण्याला गेली होती. ती आली होती असं कळलं. पण मला सर आठवतात ते तिच्या दहावीनंतरच्या एका दिवसाचे.

एप्रिलमध्ये आम्ही पेपर तपासत बसलो होतो. शिपाई येऊन म्हणाला, “सर, एक मुलगी आलीय. नाशिकची म्हणते.” सरांच्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. “सायन्स, तुम्ही थांबा इथं,” एवढं म्हणाले.

उंच होती. दोन वेण्या, खांद्याला पिशवी. बाकड्यावर बसली नाही. तिनं थेट विचारलं, “तुम्ही मला देऊन टाकलंत ते कळलं मला. मरणार होतात. पण नंतर मेला नाहीत ना? मग न्यायला का नाही आलात?”

“वाटायचं, आज ना उद्या जाणारच आहे,” सर म्हणाले. “तुला आणायची आणि परत सोडून जायची? मग तू शाळेत जायला लागलीस. तिला आई म्हणायला लागलीस. मी बरा झालोय असं मला कुणी कधी सांगितलंच नाही गं. गेल्या डिसेंबरात सांगितलं.”

“आणि डिसेंबरनंतर?”

सरांनी टेबलाची कड धरली. “डिसेंबरनंतर भीती वाटली. तू नको म्हणशील, याची.”

ती खिडकीकडं वळली. मग म्हणाली, “माझ्या आईचं गाव कुठलं?”

“अंजूर. इथून रिक्षा जाते.”

“मला तिथं जायचंय.”

सरांचा चेहरा पडला. कारण मला नंतर कळलं. पोरगी भावाला दिली तेव्हा बायकोच्या माहेरी त्यांनी विचारलं नव्हतं. मेलेल्या बहिणीची एकुलती खूण परस्पर देऊन टाकली म्हणून मेहुण्यानं त्यांना दारात उभं करायचं नाही असं ठरवलं होतं. त्यानंतर सर अंजूरला गेलेच नव्हते. “तुम्ही चला बरोबर,” ते मला म्हणाले.

रिक्षात ती मध्ये बसली. शेतं लागली, मधूनच नवीन गोडाऊनच्या लांब भिंती लागल्या. मेहुण्याचं घर रस्त्यापासून आत होतं. तो अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. सरांना बघून उठला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मग त्यानं मुलीकडं बघितलं. हातातलं जाळं खाली पडलं.

“गो, भायेर या!” त्यानं घरात हाक दिली. “आपली बाय आलीय. बायची पोर हाय ही!”

आतून बायका धावत आल्या. एकीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, दुसरीनं पदर तोंडाला लावला. तिला कुणी काही विचारलं नाही. आत घेऊन गेल्या. मेहुणा सरांसमोर उभा राहिला. “पोर दिलीस तवा आमाला इचारलं न्हाय.”

“न्हाय इचारलं,” सर म्हणाले. शाळेत कधी न ऐकलेली गावची भाषा त्यांच्या तोंडून निघाली. “चुकलं माजं.”

मेहुण्यानं आत या असं म्हटलं नाही. थोड्या वेळानं एक लहान पोरगी आमच्यासाठी पाणी घेऊन आली. आम्ही अंगणातल्या ओट्यावर बसून राहिलो. आतून बोलणं ऐकू यायचं. आई कशी होती, तिला कसलं खायला आवडायचं, खाडीवर खेकडे धरायला जायची आणि मार खायची. मध्येच सगळ्या हसायच्या. दाराच्या फटीतून दिसत होतं, एक म्हातारी पोरीची वेणी सोडून केस विंचरत होती.

ऊन उतरलं तसा मेहुणा बाहेर आला. आवाज जरा मऊ झाला होता. “पोर ऱ्हाते म्हनते आज हितंच. सकाळी मी नाशिकची गाडी धरून देन तिला. तुमी निंगा, मास्तर. मंग रिक्षा गावायची न्हाय.”

“बरं,” सर म्हणाले.

उठले, पण लगेच निघाले नाहीत. दाराकडं बघत उभे राहिले. तिनं बाहेर बघितलं नाही. रागानं नव्हे. कुणीतरी तिला काहीतरी सांगत होतं आणि ती ऐकण्यात रमली होती. तेवढ्यात ती मोठ्यानं हसली, मान मागं टाकून.

रिक्षात बसल्यावर मला वाटलं ते आता रडतील. ते बाहेरच्या गोडाऊनच्या भिंतींकडं बघत होते.

“मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं,” ते म्हणाले. “दिवाळीला मी गेलो की गप्प असायची. पाहुण्यासमोर मुलं गप्पच असतात.”

“आईसारखी हसते?” मी विचारलं.

त्यांनी विचार केला. रिक्षा एका खड्ड्यातून गेली, त्यांनी पोटावर हात धरला.

“नाही,” ते म्हणाले. “माझ्या भावजयीसारखी हसते. अगदी तशीच.”